पाठीचं माप

आई, बाबा यंदा स्वेटर घालत नाहीत. तू विणलेला शेवटचा, राखाडी, बिनबाह्यांचा, दिवाळीनंतर ट्रंकेतून काढला तर कसरीने काखेपासून खालपर्यंत खाल्लेला. तू गेल्याला वीस वर्षं होत आली, त्या मानाने तो खूपच टिकला. तेव्हापासून ते नुसत्या सदऱ्यावर बसतात. लखनौची थंडी तुला मी काय सांगणार. दुपारी बारापर्यंत समोरचं घर धुक्यात दिसत नाही. शाल दिली तर घडी घालून परत करतात. डॉक्टर म्हणाले, आणखी एक सर्दी यांच्या छातीला झेपणार नाही. त्यांचं आता असं आहे की आजचा दिवस त्यांच्या हाती राहत नाही, जुने राहतात. मला कधी ओळखतात, कधी अतिशय अदबीने 'बहनजी' म्हणतात.

मी अमीनाबादच्या बाजारातून एक चांगला स्वेटर आणला. रिक्षातून उतरल्या उतरल्या, पिशवीतून काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला, कापड पाहावं तसा बोटांत चोळला आणि म्हणाले, "हा माझा नाही. ज्याचा असेल त्याला देऊन टाका." मग शेजारच्या भाभींनी स्वतः विणलेला, त्यांच्या मिस्टरांचा, अगदी नवा आणून दिला. तोही नाही. "बाबा, तुमच्यासाठीच आहे हो," मी जरा चढ्या आवाजात म्हटलं. ते दुखावले. "माझ्यासाठी आहे म्हणता, मग माप कोणी घेतलं? सांगा ना. माप घेतलंय का कोणी?" माझी मुलगी दारातून म्हणाली, "मम्मी, छोड़ो ना, आजोबा ज़िद पे हैं." पण मला तो हट्ट वाटला नाही. त्यांना खरंच आठवत होतं, आणि मलाही आठवलं.

निशातगंजच्या या घरात येण्याआधीचं आपलं रेल्वेचं क्वार्टर. स्वयंपाकघरात तू पाटावर बसली आहेस, पोळ्या झाल्या आहेत, तव्याचा वास अजून आहे. बाबा ऑफिसातून येऊन हातपाय धुतात आणि तू म्हणतेस, "उभे राहा बघू." ते दाराकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे राहतात. तू उठून सुयांसकट विणकाम त्यांच्या पाठीवर लावतेस, तळव्याने खाली ताणतेस, वीत टाकतेस. टेप घरात होती, पण तू ती कधी घेतली नाहीस. एरवी तुम्ही दोघं आमच्यासमोर एकमेकांच्या जवळसुद्धा उभी राहत नव्हतात. ताट द्यायचं तरी तू ते खाली ठेवून सरकवायचीस. पाठीचं माप मात्र रोज संध्याकाळी, आणि बाबा नुसते उभे. ऑफिसात ज्यांचा आवाज चढायचा ते बाबा, भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या मुलासारखे.

मी नववीत असताना तुझ्या सुया हातात घेतल्या होत्या, आठवतं? तू त्या ओढून घेतल्यास. "ठेव ते. तू शिकू नकोस. एकदा हात बसला की घरातल्या सगळ्यांच्या पाठी तुझ्याच वाट्याला येतात. तू पुस्तक घे." मी पुस्तक घेतलं, एम. ए. झाले, कॉलेजात शिकवायला लागले. पण कितीतरी वर्षं मला वाटत होतं की माझ्या हातून लोकर फुकट जाईल म्हणून तू ओरडलीस. आता त्या वाक्याचा राग येत नाही. दमल्यावर वाक्यं वेगळी ऐकू येतात.

तर मी शिकले. चव्वेचाळिसाव्या वर्षी, भाभींच्या गच्चीवर, उन्हात, शेंगदाण्याच्या टरफलांत बसून. भाभी सुयांकडे न पाहता विणतात, एकीकडे खालच्या भाजीवाल्याशी भाव करतात. मी टाके घालायला बसले तर ते इतके घट्ट पडले की दुसरी सुई आत शिरेना. माझ्या हातातली लोकर दाखवत भाभी म्हणाल्या, "प्रोफेसर साहिबा, ऊन है, दुश्मन की गर्दन नहीं. ढीला पकड़िए." सैल धरलं तर टाके सुईवरून घसरून पडले. हाताला मधलं काही येतच नव्हतं. भाभींनी ते सगळं उसवून दोन सुया एकत्र धरल्या आणि त्या जाड जोडीवर मला टाके घालायला लावले. मग एक सुई अलगद काढून घेतली. टाके आपोआप सैल, सारखे उरले. इतकं साधं. मी विचारलं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? "पहले दिन आप मानतीं?" खरं होतं. मी वर्गात सांगण्याची सवय झालेली बाई आहे.

मग दर ओळीला माझं विणकाम रुंद होत गेलं. मला वाटलं हातच वाईट. तसं नव्हतं. ओळ सुरू करताना मी लोकर सुईवरून मागे टाकत होते, त्यामुळे कडेचा एक टाका दोन टाक्यांसारखा दिसायचा, आणि मी इमानदारीने दोन्ही विणत होते. सुलट टाका कोणता आणि उलट कोणता हे मोजून लक्षात ठेवायची गरज नाही, पाहून कळतं, हेही उशिरा समजलं: उलट टाक्याच्या गळ्याशी लहानशी गाठ असते, सुलट टाका गव्हाच्या दाण्यासारखा गुळगुळीत. खालची दोन सुलट, दोन उलट टाक्यांची पट्टी मी कितीदा उसवली. मुलगी म्हणाली, "मम्मी, ये स्वेटर है कि मच्छरदानी?" एक टाका गळून शिडीसारखा खाली धावत गेला तेव्हा मी गच्चीवर, भाभींच्या देखत, रडले. एका टाक्यासाठी कोणी रडत नाही हे भाभींना माहीत होतं. त्यांनी क्रोशाच्या सुईने तो एकेक पायरी वर आणला आणि म्हणाल्या, "हो गया. अब चाय पीजिए."

पट्टी संपून वर तळहाताएवढं झालं, त्या संध्याकाळी मी बाबांपुढे गेले. तुझे शब्द तोंडातून निघेनात. मी नुसतं म्हटलं, "बाबा, माप घ्यायचंय." ते खुर्चीतून उठले, दाराकडे वळले आणि पाठ करून उभे राहिले. मला काही सांगावं लागलं नाही. सदऱ्यातून त्यांच्या पाठीची हाडं हाताला लागली. लहानपणानंतर मी बाबांच्या पाठीला हात लावला नव्हता. ते दाराशीच बोलल्यासारखे म्हणाले, "खांद्यात घट्ट करू नकोस. मागच्या वेळी केला होतास." 'बहनजी' नाही, 'तुम्ही' नाही. पण तो 'तू' माझा नव्हता हेही मला कळलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी माप. आणि रोज माप घेताना एक गोष्ट लक्षात आली, जी न विणणाऱ्याला कधीच कळली नसती. दिवसभरातल्या मोकळ्या वेळात विणकाम दोन बोटं वाढतं, फार तर तीन. तेवढ्यासाठी रोज पाठीला लावून पाहायची काहीच गरज नसते. तुझ्यासारख्या सराईत बाईला तर मुळीच नाही. मी हे कोणाला सांगणार? भाऊ पुण्याहून फोनवर म्हणतो, "ताई, तू एवढा का त्रास घेतेस? त्यांना इकडे पाठव, इथे थंडीच नाही तशी." तो चांगल्या मनाने म्हणतो, आणि मला कित्येकदा वाटतं की पाठवावं, आठ दिवस नुसतं झोपावं. नाही पाठवत. ते प्रेमाने की हट्टाने, हे मी स्वतःला विचारते आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं. कॉलेज, त्यांचं अंघोळपाणी, औषधं, धुवायच्या चादरी, आणि मधल्या फटीत सुया. अशा दमलेल्या माणसाने स्वतःच्या हेतूंची तपासणी करू नये बहुधा.

परवा स्वेटर पुरा झाला. गळ्याची पट्टी अर्धी भाभींची आहे, ते लपवत नाही. काल धुकं इतकं होतं की दिवसा दिवे लावावे लागले, आणि वीज गेली. बाबांचे ओठ निळसर दिसत होते. मी स्वेटर पुढे केला. त्यांनी तो ओळखला, हे मला दिसलं. खांद्याची शिवण चाचपली, मान हलवली. घातला मात्र नाही. "तिला बोलवा," ते म्हणाले. "बाबा, मीच विणलाय." "हो, हो. छान आहे. तिला बोलवा, ती घालते." मी पुन्हा म्हटलं, मुलीने म्हटलं, भाभीही येऊन म्हणून गेल्या. ते दाराकडे तोंड करून, पाठ वळवून उभेच राहिले.

मी स्वयंपाकघरात गेले. तिथे काही काम नव्हतं. परत आले, त्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, हात वर करा."

त्यांनी हात वर केले. मी स्वेटर डोक्यावरून घातला, खाली ओढला, तळव्याने पाठीवर सारखा केला. ते वळून पाहत नव्हते. मुलगी समोर उभी होती. खोलीत तू नव्हतीस आणि मीही धड नव्हते.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणूनच लिहिता येतं आहे. ते शब्द माझ्या तोंडी शोभत नाहीत, मला माहीत आहे. काल निरुपाय होता, असं म्हणता येईल. पण आज धुकं लवकर निवळलं, सकाळी स्वेटर त्यांच्या अंगातच होता, ते उन्हाच्या तुकड्यात निवांत बसले होते, काही अडलं नव्हतं. मी चहा घेऊन मागून गेले आणि म्हटलं, "अहो, चहा."