शेवटच्या कडव्यातलं नाव

बाबा, सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. मधेच उठते, कुकर लावते, उगाच खिडकी उघडते, पुन्हा बसते. काल भोकरदनहून एक शिक्षक आले होते, जुन्या तबकड्या जमवणारे. तुमच्या गायन पार्टीची ती छोटी तबकडी त्यांच्या हातात होती. चारच गाणी, चारही दुसऱ्यांनी लिहिलेली. दोन तबकडी काढणाऱ्या कंपनीच्या खोलीत बसून गायलेली, दोन वाटूरच्या जयंतीत, भर मांडवात टेपवर घेतलेली. "शेवटचं गाणं तुमच्या वडिलांनीच लिहिलंय ना?" त्यांनी विचारलं, आणि माझं डोकं फिरलं.

ते गाणं शहागडच्या कवीचं. तो दिवसभर ट्रक भरायचा आणि गाणी वहीत लिहून मागेल त्या पार्टीला द्यायचा. शेवटच्या कडव्यात गुंफलेलं त्याचं नाव तेवढं कुणी हलवू नये, एवढीच त्याची अट. तुम्ही चालीपेक्षा त्या नावाला जास्त जपायचात. मला मात्र त्याचा राग यायचा. गळा तुमचा, घाम तुमचा, आणि लोक घरी जाणार दुसऱ्याचं नाव गुणगुणत! वीस वर्षांची होते, नाकाच्या शेंड्यावर राग. वाटूरला शेवटच्या कडव्याआधी तुम्हाला त्या दिवसांत सारखी येणारी खोकल्याची उबळ आली आणि मागे कोरसला बसलेल्या मला तुम्ही डोळ्यांनीच गा म्हणालात. मी कवीच्या नावाच्या जागी तुमचं नाव गायले. मांडवात टाळ्या थांबेनात. तुम्ही पेटी वाजवत राहिलात, पण मान वर केली नाही.

गाणं संपल्यावर मांडवामागे मला गाठलंत. "काय करून बसलीस तू, पोरी? त्याच्यापाशी तेवढंच व्हतं." मी रडत म्हणाले, निसटलं तोंडातून. तुम्ही तसेच कंपनीच्या माणसामागे धावलात, हात जोडलेत. तो म्हणाला, टेप संपली, आता काही होत नाही.

तबकडी आली तेव्हा तुम्ही मला घेऊन शहागडला गेलात. चहाच्या हॉटेलात ती लावायला लावलीत. खांद्यावरचा पंचा मांडीवर घेऊन तो कवी बसलाय, ऐकतोय, बोटांनी ताल धरतोय, आपल्या नावाची जागा आली तसा त्याचा हात थांबतो. संपल्यावर तो म्हणाला, "पोरीचा गळा बिलकुल साफ हाय." पोरीच्या तोंडून निसटलं म्हणत तुम्ही माफी मागायला लागलात, तर म्हणाला, "निसटलं म्हन्ते ना, मंग निसटलंच असंल. जाऊ द्या. तिकडं ट्रक उभा राह्यलाय." चहा तसाच ठेवून गेला. त्यानंतर ते गाणं तुम्ही कधी गायलं नाहीत, मलाही गाऊ दिलं नाहीत. पुढे तो वारला, त्याची वहीही कुठे गेली कळलं नाही. छापून राहिलं ते फक्त माझं पाप.

काल मी शिक्षकांना कवीचं खरं नाव सांगितलं, समोर बसवून लिहून घ्यायला लावलं. मग त्यांनी विचारलं, असं झालं कसं? मी म्हणाले, तोंडातून निसटलं.

निसटलं नव्हतं, बाबा. आठ दिवस भाकरी थापताना मी ती ओळ तुमच्या नावाने बसवत होते. आणि काल ते शिक्षक गेल्यावर मी आपल्या घरातली तबकडी लावली. त्या ओळीपाशी मला लाज वाटायला हवी होती. मला अजूनही छान वाटलं.