मास्तरांचे सात रथ

१२ ऑक्टोबर १९४९, बुधवार

घरभर रॉकेलच्या डब्यांचा पत्रा! शाळेतली ड्रॉइंग मास्तरकी सुटल्यापासून ह्यांच्या हाताला चैन नाही. आता एलियाहू हन्नाबीचा रथ करताहेत. आम्हा ज्यूंचा हा नबी, म्हणजे प्रेषित, अग्निरथातून स्वर्गात गेला, तो रथ. खाली मेणबत्ती लावायची, गरम हवेने वरचं चक्र फिरतं, चक्राला टांगलेले घोडे धावतात.

"सातच करणार! यरुशलेमच्या मंदिरातल्या समईला सात दिवे, तसे सात रथ. प्रत्येकावर नंबर. मग साचा मोडणार!"

घोडे शेळ्यांसारखे दिसतात.

१६ ऑक्टोबर, रविवार

शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत, लिहायचं नाही, म्हणून शुक्रवारची गंमत आज. दिवे लावायच्या आधी ह्यांनी पहिला रथ पेटवून टेबलावर ठेवला. शब्बाथ सुरू झाला आणि रथ उधळला! एक घोडा सुटून थेट माशाच्या कालवणात. विझवावा, तर शब्बाथला विस्तवाला हात लावायचा नाही. दुसऱ्याला विझव म्हणायचंही नाही! शेजारचे फक्रुद्दीनभाई ह्यांना पत्रा कापून देतात. हे खिडकीतून त्यांना म्हणाले, "आमच्याकडे आज उजेड जरा जास्तच आहे हो."

"मग चांगलंच हाय की, मास्तर!"

"फारच जास्त आहे."

"मुबारक!" — आणि जेवायला बसले.

दुसरा घोडा माझ्या अंबाड्यात अडकला. मी किंचाळले तेव्हा कुठे फक्रुद्दीनभाई धावत आले आणि फुंकर घातली.

२० ऑक्टोबर, गुरुवार

एक नंबर फक्रुद्दीनभाईंना दिला. दोन नंबर दूधवाल्या कडूबाईला. चक्र फिरलं तशी ती पदर पसरून वाकलीच. "मास्तरीणबाई, देव आपल्या आपन फिरतोय! लई जागृत हाय!" पुढे गूळही ठेवला. हे रागावतील वाटलं. तर म्हणाले, "घेतील एलियाहू. एवढ्या लांबून आलेत."

२५ ऑक्टोबर, मंगळवार

आणखी चार गेले. गल्लीत मेणबत्त्या मिळेनात.

३० ऑक्टोबर, रविवार

सातवा पोस्टमन गहिनीनाथला. साचा मोडला. मला एकही नाही! विचारलं, तर "तुला कशाला ओझं?" म्हणून कौलं बघायला वर चढले. कौलं शाबूत आहेत!

२ नोव्हेंबर, बुधवार

फक्रुद्दीनभाईंची बायको शरिफा खीर घेऊन आली आणि गळ्यात पडून रडली. "भाभी, जानेवारीत बोटीनं जाता म्हने. इस्राएल लई लांब ना?" सगळ्या गल्लीला ठाऊक. कडूबाईलासुद्धा!

ह्यांना गाठलं. मान खाली. "दोघांची नावं दिलीत. तुला सांगायची हिंमत होईना. म्हटलं, आधी शेजाऱ्यांचा निरोप घेऊन बघावा."

संध्याकाळी भाकरी वाढताना विचारलं — तिथे ज्वारी मिळते का?

"माहीत नाही गं."

म्हटलं, आधी ते विचारून या!