धाकट्याचा टाक

अण्णा, यंदा धुळवडीला आपल्या घरचे वीर बारा वर्षांनी बाहेर पडले आणि ते मी नाचवले. काकांनी आधी कपाळाला हात लावला. मग म्हणाले, नाच, पण वरातीत नाचतात तसं नको. तुमचेच भाऊ ते, दुसरं काय बोलणार.

तुम्ही नाचायचात ते अजून दिसतं मला. नारायण पेठेत आपल्या दाराशी भर दुपारी हलगी सुरू होते. घरातल्या अकाली गेलेल्यांचे, म्हणजे वीरांचे, चांदीचे टाक तुम्ही खोबऱ्याच्या वाटीत ठेवता, वाटीला लाल फडकं गुंडाळता, आणि एरवी बँकेत मान वर न करणारा माणूस होळीच्या राखेभोवती असा घुमायला लागतो की आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसते. मग नदीवर नेऊन त्यांना अंघोळ. मी एकदा वाटीला हात लावला, तर ओवाळणं तुझं काम, उचलणं नाही, म्हणून तुम्ही झापलंत. त्या दिवशी मी जेवले नव्हते. माझा धाकटा भाऊ मात्र तुमच्यामागून थेट घाटावर जायचा.

तो विसाव्या वर्षी त्याच नदीत वाहून गेला. धरणातून पाणी सोडलं होतं. बिनलग्नाचा गेला म्हणजे तोही वीर, त्याचा टाक करा, त्याला नाचवा, असं सगळे सांगत राहिले. तुम्ही टाक केला नाहीत, उलट वीरच बंद केलेत. वर्षश्राद्धाच्या पंगतीत मी सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, मेल्यावर त्याला घराबाहेरच ठेवणार का?" तुम्ही पानावरून उठला नाहीत. राहिलेला भात संपवलात, हात धुतलेत. त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलत राहिलात, अगदी शेवटी दवाखान्यातसुद्धा.

तुमच्यामागे मी हट्टानं त्याचा टाक घडवून घेतला. यंदा वाटीत ठेवला. हलगी लागली आणि पाय आपोआप उचलले गेले. मी रडत होते आणि नाचत होते. बायका म्हणाल्या, अंगात आलं. तसलं काही नव्हतं, अण्णा. इतक्या वर्षांनी तो हातात होता, एवढंच.

घाटावर काका म्हणाले, "चल, बुडव आता."

मी वाकले. पाणी गुडघाभरही नव्हतं. पण ज्या पाण्यानं त्याला नेलं, त्यात आपल्या हातानं त्याला पुन्हा बुडवायचं? हात पुढे जाईना. तुम्हाला हे आधीच दिसलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मीही विचारलं नाही, सरळ पंगतीत बोलून मोकळी झाले. फार दुखवलं मी तुम्हाला.

बाकीच्यांना अंघोळ घातली. त्याला मुठीत दाबून पदराखाली घेतलं आणि वर आले. घरी ओल्या फडक्यानं त्याचं तोंड तेवढं पुसलं.

हे पत्र कुठे टाकणार, खणातच राहील. काका परवा पुन्हा विचारत होते. मी सांगितलं, हो, धाकट्याचीही अंघोळ झाली.