नझरशोचं दार

शुक्रवार, १४ मार्च, सकाळचे सव्वानऊ

प्रिय आपा,

ऊन आत्ताच खोऱ्यात उतरलं आहे. मी तुझ्या माळवदावर तुझ्याच गोधड्या वाळत घालत होतो. सात घातल्या, आठवी फार ओली होती म्हणून ती काळ्या खडकावर पसरली, आणि मग पाठीवर ऊन आहे तोवर लिहायला बसलो. गोधड्या कशाला बाहेर काढल्यास, असं तू आधी विचारशील. सांगतो. सगळं क्रमानं सांगतो, कारण फोनवर मला क्रम राहत नाही. तू "बरं, पुढे?" म्हणतेस आणि मी मधलंच गिळून टाकतो. तसाही फोन सध्या नाहीच. वरच्या धारेवरचा टॉवर फेब्रुवारीत आडवा झाला तो अजून आडवाच आहे. चौकीच्या वायरलेसवरून 'सगळे सुखरूप' एवढा निरोप गेला होता, तो दुशान्बेत तुला मिळाला असं ओदिल ड्रायव्हरनं काल सांगितलं. काल रस्ता उघडला. पहिली जीप त्याचीच आली आणि उद्या तोच हे पत्र घेऊन निघेल.

आधी घरचं. गाय बरी आहे, दूध आटलंय पण अंगानं धड आहे. माझा खोकला गेला. तुझ्या शकरमोला सांग, तिनं विणलेले मोजे मी फक्त बाहेर जाताना घालतो, घरात नाही, म्हणजे दोन हिवाळे निघतील. ती नर्सिंगला जाणार हे मी नझरशो बोबोंच्या बीबींना सांगितलं. त्या म्हणाल्या, लवकर शिकून ये म्हणावं, माझे गुडघे वाट बघत नाहीत.

आता घराचं. नोव्हेंबरात रूशानचा मिर्झोबेक येऊन गेला ते तुला माहीत आहे. तुळया, पाचही खांब, झरोक्याची चौकट, सगळं मिळून नऊ हजार सोमोनीला ठरलं. दोन हजार इसार दिला तो मी तुला पाठवला. बाकीचे सात हजार रस्ता उघडल्यावर, ट्रक घेऊन येईल तेव्हा. त्याला हे घर खाली नेऊन परदेशी पाहुण्यांसाठी जसंच्या तसं उभं करायचं आहे. म्हणून त्यानं माझ्याकडून प्रत्येक तुळईवर खडूनं आकडा घालून घेतला. आकडे नीट काढ, म्हणाला, खाली उलटसुलट बसलं तर पाहुण्यांच्या ताटात पडेल. मी दोन दिवस शिडीवर चढून मोठे, गोल आकडे काढले. खांबांवर मात्र नाही घातले. त्यांना पाच पवित्र माणसांची नावं आहेत, आकडे कसे घालू? मिर्झोबेक हसला आणि चालेल म्हणाला. तुझं कोरीव दार मात्र त्याला एवढं आवडलं की त्यानं ते लगेच उतरवून टपावर बांधून नेलं. दारात मी जाड लोकरीचा नमदा टांगला आणि वर दगड ठेवले. दुसऱ्याच दिवशी बर्फ सुरू झाला.

त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, असं तू लिहिलं होतंस. त्या सकाळी खुदोयोर आका त्याच उंबऱ्यावरून बर्फात अडकलेला पिठाचा ट्रक सोडवायला गेले, तू मागून टोपी घेऊन धावलीस आणि ते वळणापर्यंत पोचलेही होते, परत आले नाहीत. मी ते विसरलेलो नाही. म्हणून मी तुला कधी, घर ठेव, असं म्हणालो नाही.

पण हे घर तिकडे, पाण्यापासून एवढं लांब, खडकामागे का बांधलं गेलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. आकांचे काका नझरशो बोबो, त्यांच्या भिंतीला भिंत लागून तुमचं जुनं घर होतं. आपल्या माळवदावरचा बर्फ आपल्याच बाजूला टाकायचा, शेजाऱ्याच्या अंगणात ढेकूळ गेलं तरी भांडण. खुदोयोर आकांच्या एका बाजूला गोठा आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची वाट. टाकणार कुठे? थोडा तिकडे जायचाच. बोबो अंगणात उभे राहून ढेकळं मोजायचे. त्या एका हिवाळ्यात त्यांनी तो सगळा बर्फ टोपल्यांनी परत आणून तुमच्या दाराशी रचला आणि तुम्हाला दुपारपर्यंत बाहेर पडता येईना. तू झरोक्यातून मला हाका मारत होतीस. मी लहान होतो, मला फार मजा वाटली होती. आका मात्र चिडले. बर्फ टाकला तर फक्त देव कुरकुरेल अशा जागी घर बांधीन, म्हणाले, आणि खडकामागे गेले. तू दोन कॅन घेऊन झऱ्यापर्यंत जाता-येता दोघांनाही शिव्या घालायचीस. त्यानंतर काका-पुतणे एकमेकांशी बोलले नाहीत ते नाहीतच. आकांच्या मयतालाही बोबो माणसांच्या मागे, कडेला उभे होते.

आता फेब्रुवारी. पाच तारखेपासून बर्फ पडायला लागला तो चार दिवस थांबला नाही. वारा अजिबात नव्हता, बर्फ पडेल तिथेच साठत होता, तीच धास्ती होती. पाचव्या सकाळी वारा सुटला आणि वायरलेसवरून निरोप आला की गावावरच्या उतारावर फार बर्फ साठला आहे, कधीही सुटेल, घरं सोडा. सोडून जायचं कुठे? रस्ता बंद, शाळा त्याच उताराखाली. सगळे मास्तरांच्या खोलीत जमले आणि एकदम बोलायला लागले. मग कुणीतरी खुदोयोरचं घर म्हणालं. खडकामागे आहे, आलाच तर लोंढा दोन्हीकडून जाईल. सगळे बोबोंकडे बघायला लागले. मग मला बोलावंच लागलं. मी म्हणालो, घर आहे, पण त्याला दार नाही.

बोबो उठले आणि बाहेर गेले. आम्हाला वाटलं, रागावून गेले. थोड्या वेळानं ठोकल्याचा आवाज यायला लागला. जाऊन बघतो तर ते स्वतःच्या घराच्या बिजागऱ्या उखडत होते. "बघत काय बसलात," म्हणाले, "दुसरं टोक धरा." दार बर्फावर आडवं टाकलं, त्यावर पिठाचं पोतं आणि पोत्याला टेकवून गुंडाळलेल्या बीबी, आणि आम्ही सहा जणांनी दोर लावून ओढलं. बीबी वाटभर बडबडत होत्या. नवरी होऊन आले तेव्हा गाढव दिलंत, आता म्हातारपणी दार, पुढच्या खेपेला निदान चाकं तरी लावा. वारा इतका की पुढचा माणूस दिसत नव्हता, पण बीबींचा आवाज येत होता. मागची बायकामाणसं त्या आवाजावर चालत आली.

दार चार बोटं मोठं निघालं. मी चौकट तासायला आकांची हत्यारं काढली, तर बोबोंनी माझा हात धरला. खुदोयोरनं चौकट अरुंद केलीय ती मला अडवायलाच, म्हणाले, पण तिला हात लावायचा नाही. आणि त्यांनी स्वतःचं दार कापलं. ते दार त्यांच्या वडिलांनी बनवलेलं होतं. कापताना त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. दार बसलं आणि आतला वारा थांबला, तेव्हा लहान मुलं आपोआप गप्प झाली.

एवढी माणसं एका घरात, आपा, आणि वर बकऱ्या. जागेवरून भांडण होणार असं दिसायला लागलं. तेव्हा मास्तरांचं लक्ष तुळयांवरच्या आकड्यांकडे गेलं. त्यांनी एकेका घराला एकेक तुळई वाटून दिली. मग तोच पत्ता झाला. नवाच्या पोराला ताप आहे, चौदाकडे चहा राहिला आहे का, तीनची म्हातारी घोरते तिला कुशीवर वळवा. मी दोन दिवस शिडीवर चढून घर मोडायला काढलेले आकडे, आणि मुलं उताणी पडून त्यांच्यावरून मोजायला शिकत होती. तुझ्या पेटाऱ्यातल्या गोधड्या मी कुणाला न विचारता काढल्या. विचारायला तू नव्हतीस. मीठ घातलेला दुधाचा चहा, वाळवलेली तुती आणि बोबोंचं पीठ, यावर पाच दिवस निघाले.

माळवद दिवसातून चारदा मोकळं करावं लागत होतं, नाहीतर तुळया बोलायला लागायच्या. मी खांबांना कान लावून ऐकत फिरायचो. लोक हसायचे, पण मी थांबलो की विचारायचेही, काय म्हणतोय खांब? दुसऱ्या दिवशी माळवदावर जायची पाळी माझी आणि बोबोंची होती. ते मला फावडं देईनात. खालचे सगळे झरोक्यातून ऐकत होते. पहिलं फावडं भरून त्यांनी ते कडेपर्यंत नेलं, थांबले आणि म्हणाले, "खुदोयोर, तुझ्या अंगणात टाकतोय रे. आता भांड माझ्याशी." आणि टाकलं. मग प्रत्येक फावड्याला थोडा वेळ थांबून टाकत राहिले, जणू उत्तर येईल. मी पाठ केली आणि दुसऱ्या बाजूचा बर्फ काढत राहिलो.

तिसऱ्या दिवशी, अकराच्या सुमाराला, आम्ही खाली होतो. आधी आवाज आला नाही. आधी झरोक्यातला उजेड गेला. भर दिवसा घरात काळोख झाला, मग जमीन थरथरली आणि मग आवाज आला. खांब हलले. मी फातिमाच्या खांबाला मिठी मारली होती, जुन्या घरातून आणलेल्या त्याच खांबापाशी तुला नवरी म्हणून बसवलं होतं. कुणी ओरडलं नाही. मोठ्यानं प्रार्थना म्हणत होते ते मास्तर, त्यांना मी त्याआधी कधी प्रार्थना म्हणताना ऐकलं नव्हतं. नंतर वरून बारीक, पिठासारखा बर्फ पडायला लागला आणि हळूहळू उजेड परत आला. आधी करडा, मग पांढरा. आकडे दिसायला लागले. मास्तरांनी एकापासून हाक मारली आणि प्रत्येक तुळईखालून उत्तर आलं.

लोंढा खडकावर फुटून दोन्हीकडून गेला होता. गावातली चार घरं गेली, शाळेची एक बाजू गेली. बोबोंच्या घराचा तर दगड ओळखू येत नाही आणि त्यांची गाय गोठ्यातच राहिली. माणूस एकही गेला नाही. बोबो त्या जागेवर बराच वेळ उभे राहिले आणि परत येताना मला म्हणाले, बरं झालं, दार आधीच काढलं होतं.

बाकीचे आता आपापल्या घरी गेले आहेत, ज्यांची गेली ते नातेवाइकांकडे आहेत. बोबो आणि बीबी मात्र तुझ्याकडेच आहेत. चूल रोज पेटते. दुसरीकडे जागा नाही हे खरं, पण बोलावणाऱ्यांकडेही बोबो जात नाहीत. सकाळी उठून ते आधी माळवद बघतात.

आता मी हे पत्र का लिहिलं ते सांगतो. मिर्झोबेकचा ट्रक अठ्ठावीस तारखेला येणार, असा निरोप ओदिलकडे आहे. गावानं परवा बैठक घेतली. त्यांचं म्हणणं, हे घर जागचं हलू नये. ज्यांची मुलं रशियात आहेत त्यांनी रोख दिले, बाकीच्यांनी बटाट्यावर आणि बकऱ्यांवर शब्द दिला. मिर्झोबेकचा इसार गाव परत करेल आणि तुझे सात हजारही गाव देईल. घर तुझ्याच नावावर राहील. त्यांना फक्त वादळ आलं की आत यायचं आहे. मी बैठकीत सांगितलं की आपाला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. बोलताना माझा आवाज फुटला पण वाक्य पूर्ण केलं. तू नको म्हणालीस तर मी स्वतः तुळया उतरवीन आणि तुला कोणी बोल लावणार नाही, हे मी बघेन. पण पुढच्या आठवड्यात नवरोज आहे. बीबींना खांबांवर आणि तुळयांवर पिठाचे ठसे उमटवायचे आहेत आणि विकलेल्या तुळईवर ठसे उमटवायला त्यांचा हात धजत नाही. तेव्हा एवढंच कळव, मी आकडे पुसू का? ओदिल वीस तारखेला दुशान्बेहून परत फिरतो. त्याच्याबरोबर चिठ्ठी दिलीस तरी चालेल. त्याच्या जीपमध्ये पुढची दोन माणसांची जागा रिकामी आहे, हेही मी त्याला विचारून ठेवलं आहे.

तुझाच,
अलीफ

ता. क. हिशोब असा. खर्च: दाराला लांब खिळे अठरा सोमोनी, झरोक्याला प्लास्टिक चाळीस, दोन्ही मी भरले, ते धरू नकोस. मिर्झोबेकला देणं दोन हजार, ते मास्तरांकडे वेगळे बांधून ठेवले आहेत. तुला देणं सात हजार. त्यातले तीन ओदिलकडे पाकिटात आहेत, त्याच्यासमोर मोजून घे आणि नको म्हणायचं असेल तर त्याच्याकडेच परत दे. उरलेले चार बटाटे निघाल्यावर, शकरमोची फी भरायच्या आत. बोबो भाडं विचारतात. मी म्हटलं मला माहीत नाही. तर म्हणाले, ते मी मालकिणीशीच ठरवीन, आणि माळवदावरचा बर्फ कुठल्या बाजूला टाकलेला तिला चालेल, तेही तिलाच विचारीन.