अठरा तास

प्रिय शौनक,

हाताने लिहून फोटो पाठवतेय. फोन केला असता तर तुझा आवाज ऐकून मी भलतंच काहीतरी बोलून तो ठेवून दिला असता, तुला माहीतच आहे.

इथे वसमतला, शेतावर, हळद शिजवणं चाललंय. वाफेच्या यंत्राला चार ड्रम. काल सकाळी पहिल्यातल्या हळकुंडात काडी सहज शिरली, म्हणून मी शहाणीने चारही ड्रम रिकामे करायला सांगितले. बाबा असे भडकले! “एक शिजला म्हून बाकीचे शिजले काय? तिकडं हैदराबादला बी असंच करून राहिली का?” ते आपले सहज बोलून गेले. मला मात्र ते नेमकं लागलं.

मग बांधावर बसून मी त्यांना आपलं काम पहिल्यांदाच नीट सांगितलं. औषधातल्या अँटिबॉडीवर साखरेच्या साखळ्या असतात, एन्झाइमने त्या कापून सुट्या करायच्या आणि मोजायच्या. एक चिवट साखळी ठरावीक प्रमाणाच्या वर गेली तर औषध पेशंटला बाधू शकतं. ती सुटायलाच वेळ लागतो, आणि सुटली नाही तर मोजणीत येतच नाही. बाबांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “मंग ती न मोजलेली कोणाच्या अंगात चालली?” शौनक, आपल्या मीटिंगांमध्ये इतका सरळ प्रश्न कुणी विचारत नाही.

तुला मी रजेचं कारण आईचा गुडघा सांगितलं होतं. आईचा गुडघा ठणठणीत आहे. मला बघायला पाहुणे येणार होते. तुला सांगायची हिंमत झाली नाही, आणि तूही दोन वर्षांत कधी काही विचारलं नाहीस, म्हणून थोडा रागही होता. पाहुणे आले, पोहे खाऊन गेले, मी नाही म्हटलं. घरात अजून कुणी माझ्याशी धड बोलत नाही, बाबा सोडून.

तर रजेवर निघाले त्या दिवशी नांदेडची गाडी चुकू नये म्हणून मी एन्झाइम घातलेल्या नळ्या अठराऐवजी सहाच तासांत बाहेर काढल्या. ज्याचे आकडे आधीच माहीत असतात, त्या नेहमीच्या तपासणीच्या नमुन्याच्या नळीतल्या साखळ्या पूर्ण कापल्या गेल्या होत्या, तेवढ्यावर बाकीच्याही झाल्या असं धरलं. आणि वहीत, आदल्या संध्याकाळी सुरू केलं, अठरा तास ठेवलं, असं लिहिलं. चूक एकवेळ माफ होईल, पण ते लिहिणं खोटं होतं. माझ्या त्या ओळीवर विसंबून तू पुढची मोजणी केलीस. आकडे मर्यादेत आले आणि तू माझ्या सहीखाली सही केलीस.

औषधाची ती बॅच सोमवारी पेशंटकडे निघणार होती. तासाभरापूर्वी मी क्वालिटीच्या मॅडमना सगळं लिहून कळवलं आणि बॅच थांबवायला सांगितली. माझी नोकरी बहुतेक गेलीच. पण आज तुलाही बोलावतील, उलटतपासणी होईल, आणि तुझ्या बढतीचं पत्र याच आठवड्यात यायचं होतं. ते बोलावण्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. उरलेला नमुना फ्रीजरच्या खालच्या खणात आहे. एन्झाइम घालून पूर्ण अठरा तास ठेव, माझ्यासाठी एक मिनिटही कमी करू नकोस. जे येईल ते आधी त्यांना सांग, मग मला.

अजून चालत असेल तर, तुझीच
राजनंदिनी