पंधरावी सही

३ मार्च

चि. ढब्बूस, अ. आ.
नव्या घरात येऊन आठ दिवस झाले. तू नकाशा दाखवलास तेव्हा खरं वाटलं नव्हतं, पण इथं घरं बावीसच आणि मागे सगळं राखीव रान. तिथं कुणी कधीच बांधायचं नाही, असं खरेदीखतातच आहे. ह्यांची नजर फार अधू झाली आहे, तरी गवतातल्या पायवाटेनं पावलं मोजत एकटेच तळ्यापर्यंत जातात. परत आले की लढाई जिंकल्यासारखा चहा मागतात! मी जन्मभर नर्स म्हणून वॉर्डात पाय झिजवले, त्याचं चीज झालं. मोजणीदार भाऊ असावा तर असा. वजन कमी कर, नाहीतर नाव बदलणार नाही.
तुझी ताई

९ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.
सोबतचा कागद कुंपणदुरुस्तीच्या संमतीचा आहे. पंधरा सह्या लागतात, चौदा झाल्या. फुलीच्या जागी सही करून उलट टपाली धाड. बारीक अक्षरं वाचत बसू नकोस, चष्म्याचा नंबर वाढेल. भाऊजींना नमस्कार. माया अशीच असू दे.
ढब्बू

१६ ऑक्टोबर

ढब्बू,
आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. काल सकाळी रानात जेसीबी शिरला. धावत गेले, तर मुकादमानं नकाशा पुढे केला. तळ्याकाठी बारा नवे प्लॉट, खाली मोजणीदार म्हणून तुझी सही. सोसायटीच्या ऑफिसात तो कागद मागून वाचला. राखीव जमीन मोकळी करायला पंधरावी संमती माझी! शेजारच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, की रान द्यायचंच होतं तर निदान तोंडावर सांगायचं.
आज हे मला न सांगता नेहमीसारखे निघाले आणि जेसीबीनं खणलेल्या चरात पडले. मनगट मोडलं. म्हणतात, आपलंच मोजणं चुकलं असेल. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. एवढंच कळव, तुला माहीत होतं का?
ताई

२३ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.
माहीत होतं. कुंपणाची थाप माझीच. वर्षभर हाताला काम नव्हतं, लाजेनं तुला बोललो नाही. बिल्डरनं नोकरी देऊ केली. अट एकच, तुझी सही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. वाटलं, चार घरं वाढली तर तुझं काय बिघडतंय? येऊन भाऊजींचे पाय धरतो. हे आपल्या दोघांतच राहू दे. धाकट्याला पोटात घाल.
ढब्बू

५ नोव्हेंबर

चि. ढब्बूस,
पोटात घातलं नाही. तुझं पत्र सोसायटीच्या सभेत मी उभं राहून वाचलं. मग ते सोसायटीच्या वकीलबाईंच्या हाती दिलं. तुझा परवाना जाऊ शकतो, असं त्यांनी आधीच बजावलं होतं, तरी दिलं. काल कोर्टानं काम थांबवलं. काठची झाडं मात्र गेली ती गेलीच.
ह्यांना सगळं सांगितलं. मग म्हणाले, की इतक्यात त्याला घरी बोलावू नकोस.
काम नाही एवढं सांगितलं असतंस, तर वरची खोली तुझ्यासाठी रिकामीच होती रे. नकाशा आखताना ह्यांची वाट तुझ्या पेन्सिलीखाली आली असणार. तेव्हा हात थांबला नाही?
तब्येतीला जप. उत्तर पाठवू नकोस. वाटेल तेव्हा मीच लिहीन.
ताई