ढगळ चिलखत

पवनी, मंगळवार, संध्याकाळ

फोमचं चिलखत ढगळ झालं. चांदीच्या रंगाचे तीन हात वाळल्यावर अंगात घातलं, तर बगलेत आख्खी मूठ जाते. चूक कळली तेव्हा स्वतःचाच राग आला. वीस वर्षं ब्लाउज शिवते, म्हणून फोम कापतानाही कडेला शिलाईची जागा सोडली! फोम शिवत नाहीत, कडेला कड चिकटवतात. माहीत होतं. पण हाताला कोण सांगणार?

रविवारी नागपूरला अंतराळ योद्ध्यांच्या वेशभूषेची स्पर्धा. आजवर लेकीला सजवून मी प्रेक्षकांच्या खुर्चीत बसले. यंदा नाव माझं दिलंय. जाऊच नये का?

सासूबाई दारातून बघत होत्या. "हे लोखंडी पोलकं कोन घालते व?"

"मीच, आई. पण ढिलं झालं."

"मंग काहून रडून राहिली? गिऱ्हाइकाचं ढिलं झालं तं आत घेते ना तू?"

त्यांनीच बगलेत दोन्ही कडा चिमटीत धरून दाखवल्या. रंगवलेल्या फोमवर पाती चालवताना जीव तुटला, पण शिलाईची जागा सगळीकडून कापून टाकली. कडेला कड चिकटवून पुन्हा घातलं. नेमकं बसलं.

सासूबाई माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "मले बी ने रविवारी."

हो म्हणून बसले. आता उद्या सकाळपासून पुन्हा रंग.